आवाज न आलेला फोटो

“काढला न्हाई! म्या सांगतो, ह्या मास्तरानं फोटो काढलाच न्हाई!”

मांडवाच्या कापडातून गाळून उतरलेलं वैशाखाचं पिवळं ऊन, अक्षतांचा हळदओला दरवळ, पाणी मारलेल्या पोत्यांचा मातकट गारवा, सनईवाल्याने दम घ्यायला म्हणून ठेवलेली क्षणभराची फट, आणि नेमका त्या फटीतून घुसलेला हा आवाज! आवाज कसला, मेघगर्जनाच ती. मांडवाचे बांबू थरथरले, आचाऱ्याच्या हातातला झारा बुंदीच्या कढईत बुडाला, आणि शेवगावच्या बाजारतळावर बांधलेल्या दोन बैलांनी दावं तोडून जी धूम ठोकली ती म्हणे थेट पैठणच्या पुलावर जाऊन थांबली. ‘म्हणे’ म्हणजे मीच म्हणतो. पण त्या दिवशी तिथे असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता. ओरडत होते नवरीचे सख्खे मामा, जामखेडचे दगडूमामा. ज्याच्या नावाने ओरड चालली होती तो मास्तर म्हणजे अस्मादिक, शाळेत चित्रकला शिकवणारा एक निरुपद्रवी प्राणी. आणि जिच्यावर असत्याचा आळ आला होता ती वस्तू माझ्या गळ्यात मान खाली घालून लोंबत होती. माझा रेंजफाइंडर कॅमेरा.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. एवढ्या वर्षांत माझे केस गेले, दात गेले, बाजारतळही जागचा हलला. राग मात्र जागच्या जागी आहे. खरं तर त्यावरही राख साचत चालली होती. पण परवा माझ्या लेकीने फोनवर एक पान उघडून माझ्या नाकापुढे धरलं. “बाबा, तुमच्यासारखाच कॅमेरा. आता डिजिटल निघालाय, वैशिष्ट्यं वाचा की.” वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. काय लिहिलं होतं? शटर इतकं शांत की समोरच्याला चाहूलही लागत नाही! खिडकीतून चौकटीबाहेरचंही जग दिसतं! आत आरसा नाही, म्हणून टिपण्याच्या क्षणी डोळ्यापुढे अंधार नाही! दोन प्रतिमा एकमेकींवर आणून हाताने नेम साधण्याचा अनुपम आनंद! आणि किंमत? ट्रॉलीसकट ट्रॅक्टर यावा, वर नांगर फुकट मिळावा एवढी! मला सांगा, हा न्याय झाला का? ज्या गुणांपायी मला भर मांडवात दीडशे पानांवरच्या पंगतीसमोर चोर ठरवलं गेलं, तेच गुण आज ठळक अक्षरांत छापून मिरवताहेत. माझ्या गळ्यात होता तेव्हा तो दोष होता. काचेच्या कपाटात जाऊन बसला आणि वैशिष्ट्य झाला!

तो कॅमेरा मला मिळाला नगरच्या कँपातल्या एका निवृत्त सुभेदाराकडून. सुभेदारसाहेबांच्या बंगलीच्या भिंतीवर मी कमळं रंगवून दिली होती, त्याच्या मोबदल्यात. हातात घेतला तेव्हा वाटलं, ही वस्तू आहे की वीट? सबंध धातूचा, निब्बर, थंडगार. शेवग्याच्या झाडावरून पडला तर झाडाला इजा होईल असा! सुभेदार एवढंच म्हणाले, “मास्तर, हा बोलत नाही. बोलणारे फार भेटतील.” त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी घरी आलो, कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला, आणि मला माझ्याच अंगणात दोन तुळशी दिसल्या.

हो, दोन! या जातीच्या कॅमेऱ्याची हीच तर गंमत. खिडकीच्या मधोमध एक फिकट पिवळसर चौकोन असतो आणि त्या चौकोनात प्रत्येक वस्तूची एक जुळी बहीण तरंगत असते. तुळशीशेजारी भुताची तुळस, दाराशेजारी भुताचं दार. भिंगाभोवतीचं कडं हळूहळू फिरवावं, तसतशी ती भुताची प्रतिमा खऱ्या प्रतिमेकडे सरकत येते, अगदी लाजत, अडखळत, जणू रुसून गेलेलं माणूस उंबऱ्याशी येऊन थबकावं तशी. आणि मग एक क्षण असा येतो की दोघी एकीत एक मिसळतात, कडेला कड लागते, आणि अहाहा! सगळं लख्ख! त्या क्षणाला काय म्हणावं? वेदान्ताची पुस्तकं वाचून मला अद्वैत कळलं नाही, ते त्या बोटभर कड्याने अंगणात उभं राहून शिकवलं. मात्र हा कॅमेरा अद्वैत आपल्यासाठी साधून देत नाही. तो दोनपण दाखवतो आणि गप्प बसतो. जुळवायचं आपल्या हातांनी. घाई केली तर प्रतिमा पलीकडे निसटते, आळस केला तर अलीकडेच राहते.

आणि ती खिडकी! दुसऱ्या कॅमेऱ्यात डोळा घातला की फोटोत येणार तेवढंच दिसतं. बाकीचं जग कापून टाकलेलं. माझ्या खिडकीत पांढऱ्या रेषांची एक चौकट, आणि चौकटीच्या बाहेरही चहूकडे पसरलेलं जग. कोण आत आहे ते तर दिसेच, शिवाय कोण आत येऊ पाहतंय, कोण दाराशी घुटमळतंय, कुणाला बाहेर ठेवलं जातंय, तेही दिसे. लग्नकार्यात असा कॅमेरा वापरावा आणि मग माणसांविषयी बोलावं! पांढऱ्या रेषेच्या दोन बोटं बाहेर मी किती उपाशी डोळे पाहिले आहेत म्हणता!

आता प्रतिपक्षाकडे वळतो. प्रतिपक्ष म्हणजे आमच्या गावचा स्टुडिओवाला बबन. त्याच्याकडे आरशाचा कॅमेरा. या आरशाच्या कॅमेऱ्याचं एक गुपित सांगतो, कुणाला सांगू नका: कळ दाबली की आतला आरसा वर उडतो, आणि नेमका फोटोचा जो क्षण, तोच काढणाऱ्याला दिसत नाही. आधीचा दिसतो, नंतरचा दिसतो. मधला क्षण आंधळा. म्हणजे अंतरपाट दूर होताना नवरा-नवरीने एकमेकांकडे पाहिलं ते साऱ्या मांडवाने पाहिलं, फक्त फोटोग्राफरने नाही! माझ्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यामुळे अंधार नाही; जे टिपलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण आरसा नाही म्हणून आवाजही नाही. बबनचा कॅमेरा ‘खटाक्’ करायचा तेव्हा पाळण्यातली पोरं दचकून उठायची, कोंबड्या वेळेआधी अंडी द्यायच्या; आणि वर त्याचा तो फ्लॅश! कुंईंऽऽ करत तापायचा आणि असा भडकायचा की ज्याच्यावर पडला तो पुढच्या पंगतीपर्यंत हिरवा-निळा चांदोबा बघत बसायचा. माझ्या कॅमेऱ्याचा आवाज? दुधाच्या पातेल्यावर पाकोळी बसावी एवढा. फ्लॅश तर मुळी नव्हताच. मांडवातल्या दुपारच्या उजेडात त्याची गरज ती काय?

पण गरज उजेडाची नव्हतीच हो! गरज मानाची होती. आमच्या भागातलं लग्न तुम्ही पाहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, आवाज झाल्याशिवाय मान झाला असं कुणी मानत नाही. टोपी-टॉवेलाचा आहेर केला तरी तो कर्ण्यावरून नाव पुकारून करायचा. पुकारलं नाही तर टॉवेल घेऊनही पाहुणा रुसतो. तसंच फ्लॅशचं होऊन बसलं. ज्याच्यावर फ्लॅश पडला त्याचा मान झाला, ज्याच्यावर नाही पडला तो उपेक्षित. मग रिळं तरी किती पुरणार? म्हणून या धंद्यात एक रीत पडली होती. फोटोग्राफर एक गळ्यात, एक खांद्यावर असे दोन कॅमेरे बाळगायचा. गळ्यातल्यात रीळ, खांद्यावरचा रिकामा. यजमानाने डोळ्याने खूण केली की रिकामा पुढे यायचा. खटाक्, लख्खन् उजेड, पाहुणा खूश, रीळ शाबूत! याला ‘कोरडा फ्लॅश’ म्हणत. अर्ध्या तालुक्याचे मानपान त्या कोरड्या फ्लॅशवर पोसले गेले आहेत. ज्यांचे फोटो कधी निघालेच नाहीत अशी शेकडो प्रसन्न माणसं आजही जिवंत असतील!

अशा या जगात माझा मुका कॅमेरा घेऊन मी रंगनाथरावांच्या लेकीच्या लग्नाला गेलो. रंगनाथराव आमचे शेजारी, आडतीवर दिवाणजी. लग्नाचे फोटो अर्थातच बबनकडे. वरपक्षाने तशी अटच घातली होती. मला बोलावलं होतं ते रंगनाथरावांच्या पत्नीने, वत्सलाबाईंनी. लग्नाच्या आठ दिवस आधी, कुंपणाशी येऊन, पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या होत्या, “मास्तर, एक काम हुतं. दादा येनार हाय. माजा न् दादाचा एक फोटो काढा. दुसरं कायबी नको.”

दादा म्हणजे दगडूमामा. बहीण-भावांत बारा वर्षं अबोला. कारण विचाराल तर हसाल: मामांच्या जामखेडच्या घराची वास्तुशांत, आणि तिथे रंगनाथरावांना, म्हणजे साक्षात दाजींना, चुकून दुसऱ्या पंगतीला बसवलं, तेही टेम्पोच्या ड्रायव्हरशेजारी. वत्सलाबाई भरलं ताट सोडून उठल्या. मामा म्हणाले, “जातीस तर जा.” त्या गेल्या. झालं! एका पंगतीपायी बारा दिवाळ्या सुन्या. दर भाऊबीजेला ही बाई ओवाळणीचं ताट करायची, तिन्हीसांजेला अंगणात उभी राहायची, आणि ज्यांना भाऊ नाही त्यांच्यासारखी द्वितीयेच्या कोरीला ओवाळून आत यायची. मी कुंपणापलीकडून पाहिलंय. चंद्र तरी तो केवढा? नखाएवढा! निरांजनही फिरवून होत नाही तोच मावळणारा. हाक मात्र तिने जामखेडला एकदाही पाठवली नाही. आणि हाक आल्याशिवाय यायचं नाही असं तिकडे मामांनी ठरवलेलं. त्याच दिवशी मामा जामखेडात डोक्याला तेल लावून, नवं धोतर नेसून दिवसभर ओट्यावर बसून असत, हे मला पुढे नवरीने सांगितलं. तीच पोरगी धीट निघाली. स्वतः पत्रिका घेऊन जामखेडला गेली आणि म्हणाली, “मामा, पाठीशी तुमीच उभं ऱ्हायचं.” मामा आले.

बहीण-भावाचा एकत्र असा एकही फोटो जगात नव्हता. लहानपणी ऐपत नव्हती, मोठेपणी बोलणं नव्हतं. “आता आला हाय, पुन्यांदा यील का, कुनाला ठावं?” वत्सलाबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे बघा, माझ्या गळ्यात त्या दिवशी नुसता कॅमेरा नव्हता.

सकाळी आठच्या सुमाराला टेम्पो आला. मी मांडवाच्या दाराशी उभा. वत्सलाबाई रांजण भरत होत्या, कमरेवर घागर, कपाळावर घाम, आणि मामा उतरले. पटका, पांढऱ्या मिशा, कातळ फोडून काढल्यासारखा चेहरा. दोघं सात-आठ पावलांवर एकमेकांसमोर उभी. मी खिडकीला डोळा लावला तेव्हा पिवळ्या चौकोनात मला दोन मामा आणि दोन वत्सलाबाई दिसल्या. मी कडं फिरवत गेलो, आणि काय योग पाहा, मी फिरवतोय तसतसे मामाही पुढे येताहेत. एक पाऊल, दुसरं पाऊल. कोण कुणाला जुळवत होतं, मी त्यांना की ते मला? मामांनी बहिणीच्या कमरेवरच्या घागरीला हात घातला. तिने सोडली नाही. दोघांचे चारही हात त्या एका घागरीच्या गळ्याभोवती. आणि मामा म्हणाले, “लई वाळलीस गं वच्छे.”

चौकटीच्या पांढऱ्या रेषेबाहेरून उजवीकडून बबन येताना मला दिसला, फ्लॅश सरसावून. तो आत शिरायच्या आधी मी कळ दाबली. आणि आरसा नसल्यामुळे तो क्षण मी पाहिला, पूर्ण पाहिला: मामांच्या खालच्या पापणीवर भरून आलेलं पाणी, जे पुढच्याच श्वासाला त्यांनी पटक्याच्या शेवाने पुसून टाकलं. कुणाला काही ऐकू गेलं नाही. मलासुद्धा नाही, फक्त बोटाला कळलं.

हे मी बोलायला हवं होतं का? “फोटो झाला हो!” अशी आरोळी ठोकायला हवी होती का? त्या क्षणी ओरडणं म्हणजे देवळात शिट्टी वाजवणं झालं असतं. मी गप्प बसलो. तिथेच फसलो.

मुहूर्त लागला, अक्षता पडल्या, मामा नवरीच्या पाठीशी कडेकोट उभे राहिले. मग वत्सलाबाईंनी मला खुणावलं, भावाला ओढत मांडवाच्या खांबाशी आणलं आणि म्हणाल्या, “दादा, हितं उभा ऱ्हा. मास्तर फोटो काढत्याल.” मामांनी पटका नीट केला, छाती काढली, श्वास रोखला आणि फौजदारापुढे उभं राहावं तसे ताठले. मी नेम साधला, टिपला, कॅमेरा खाली घेतला. मामा तसेच! डोळे वटारलेले, श्वास कोंडलेला. पाच निमिषं, दहा निमिषं. चेहरा वांग्याच्या रंगावर गेला.

“झाला मामा,” मी म्हणालो.

“काय झाला?”

“फोटो.”

“कवा झाला? खाट न्हाई, खूट न्हाई, उजेड न्हाई!” आणि मग तो कोंडलेला श्वास सुटला, बैलांची दावी तुटली ती याच श्वासाने. “काढला न्हाई! म्या सांगतो, ह्या मास्तरानं फोटो काढलाच न्हाई! तिकडं नवरदेवाच्या गाडीच्या ड्रायव्हरचा काढला तवा ईज पडल्यागत उजेड पडला, आन् मी मामा, बारा वर्सांनी बहिनीच्या दारात आलो, तर माजा फोटो खोटा? दाजींनी सांगितलं आसंल! वास्तुशांतीचा वचपा काढला!”

रंगनाथराव बिचारे पंगतीत मीठ वाढत होते. मिठाचं ताट हातातच राहिलं. वत्सलाबाई म्हणाल्या, “दादा, तसं न्हाई रं…” पण दादा कुठला ऐकायला! त्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा धरला, पट्ट्यासकट, माझ्यासकट. “रीळ तरी हाय का आत?”

“आहे मामा, पण उघडू नका! ऊन लागेल!”

“ऊन लागाया ती काय बाळतीन हाय?”

आणि इथे, वाचकहो, मागे उभ्या असलेल्या बबनने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो हळूच, मधाळ आवाजात म्हणाला, “मामा, ती डाव्या हाताची गुंडी वर वढा. उघडतंय.”

मामांनी ओढली. मागचं झाकण पानाच्या डब्याच्या झाकणासारखं उघडलं आणि भर वैशाखातलं सव्वा वाजताचं ऊन माझ्या रिळावर कोसळलं. ज्यांनी कधी फोटो काढला नाही त्यांना हे कसं सांगू? आंधळ्या कोठीत जपलेलं सगळं क्षणात पांढरं होतं. माणूस जळताना निदान धूर तरी निघतो! मी झाकण लावेपर्यंत, नाही म्हटलं तरी, तीन-चार श्वास गेले. मामा म्हणाले, “हाय की रीळ.” आणि मग जास्तच भडकून, “रीळ हाय न् तरी काढला न्हाई!”

सांगा, या तर्कापुढे मोठमोठे नैयायिकही काय करतील? मामा टेम्पोकडे निघाले. वत्सलाबाईंचा चेहरा मी पाहिला. माझ्या खिडकीतून नव्हे, उघड्या डोळ्यांनी. बारा वर्षांपूर्वी जामखेडला ताट सोडताना तो तसाच झाला असेल. आणि तेवढ्यात बबन वाट अडवून उभा राहिला. “मामा, ह्यो बघा आसा काढत्यात फोटो!” खटाक्! लख्ख! पुन्हा खटाक्! बहीण शेजारी, पुन्हा लख्ख! मामांच्या मुद्रेवर, त्या हिरव्या-निळ्या चांदण्यांच्या आडून, तृप्ती पसरली. “ह्याला म्हनत्यात फोटो,” म्हणत ते वळले आणि पहिल्या पंगतीत दाजींच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसले.

मी मात्र बबनच्या कॅमेऱ्याच्या डाव्या खांद्याकडे पाहत होतो. रीळ आत असलं की प्रत्येक फोटोनंतर ते पुढे सरकवताना तिथली गुंडी आपोआप गरगरते. बबनची गुंडी ढिम्म होती. कोरडा फ्लॅश! वरपक्षाच्या पाहुण्यांसाठी रीळ राखायचं म्हणून खांद्यावरचा रिकामा कॅमेरा चालवला होता त्याने, आणि मला खोटा ठरवून स्वतः खरा झाला होता! माझ्या जिभेच्या टोकावर शब्द आले. एका वाक्यात मी त्याचं पितळ उघडं पाडू शकलो असतो. पण पंगतीत मामा जिलबी उचलून बहिणीच्या हातावर ठेवत होते. बोललो असतो तर मी खरा ठरलो असतो आणि मामा टेम्पोत बसले असते. त्या दिवशी कॅमेऱ्याने मला स्वतःसारखं केलं. मी मुका झालो.

रोल नगरला धुवायला दिला तो आशा न ठेवता. खांबाशी काढलेला फोटो गेला. अगदी कोऱ्या कपाळासारखा पांढरा. त्याच्या आधीचे सात-आठही गेले. पण रीळ चक्रीवर गुंडाळत जातं. शेवटचे फोटो सगळ्यात वर, सकाळचे खोल आत. वरच्यांनी ऊन स्वतःवर घेतलं आणि खालचं वाचवलं. म्हणून तो घागरीचा फोटो निघाला. फक्त एका कडेला, मामांच्या बाजूने, केशरी झळ घुसली होती, चुलीतल्या जाळाची जीभ आत यावी तशी. मी तो वत्सलाबाईंना नेऊन दिला. त्या उंबऱ्यावरच बसल्या. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या आणि मग साडीच्या घडीत ठेवून दिला. “जामखेडला धाडायचा का?” मी विचारलं. “त्यानं यावं,” त्या म्हणाल्या. पुन्हा तेच! या घराण्यात हाक मारायची रीतच नाही!

भाऊबीजेला मात्र मामा आले, हाक आली नव्हती तरी. मला फराळाला बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा मामा लग्नाचा अल्बम मांडीवर घेऊन पान-पान उलटत होते. वरपक्षाचे चुलते-मालते, बँडवाले, गाडीचा ड्रायव्हर, सगळे होते. मामा नव्हते. एकदा शेवटापर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून आले. नवरीच्या पाठीमागे पटक्याचं एक टोक तेवढं दिसत होतं, ते कुणाचंही असू शकलं असतं. मामांनी अल्बम मिटला आणि हात खुंटीवरच्या छत्रीकडे गेला. मला वाटलं, चालली आणखी बारा वर्षं! तोच वत्सलाबाई आतून आल्या. एका हातात निरांजनाचं ताट, दुसऱ्या हातात तो फोटो. तो त्यांनी मामांच्या हातावर ठेवला.

मामा पाहत राहिले. चार हात, एक घागर, पापणीवरचं ते पाणी, आणि कडेने आत आलेली केशरी आग. किती वेळ पाहत होते म्हणून सांगू? बाहेर द्वितीयेची कोर दिसू लागली, तिला ओवाळायला कुणी आलं नाही हे पाहून ती आपली आपण मावळलीसुद्धा.

आणि मग माझा बांध फुटला! सहा महिने साठवलेला संताप! मी त्यांना सगळं सांगितलं. आरसा सांगितला, आरशाचं आंधळेपण सांगितलं, दोन प्रतिमा सांगितल्या, बबनची न फिरणारी गुंडी सांगितली, कोरडा फ्लॅश सांगितला, त्या केशरी जाळाचा धनी कोण तेही सांगितलं. आज फोनवरच्या त्या पानावर छापलेली एकूण एक वैशिष्ट्यं तेव्हा मी फुकटात, घसा कोरडा होईस्तोवर सांगितली. त्या पानापेक्षा चांगली सांगितली. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणालो, “आता बोला मामा! खरा फोटो कुणाचा? हा निघाला की नाही?”

मामांनी फोटो कोपरीच्या आतल्या खिशात, छातीच्या बाजूला, घडी पडू न देता सरकवला. वरून दोनदा हात दाबून पाहिला. ओवाळून घ्यायला पाटावर बसले, पटका सारखा केला, आणि बहिणीकडे बघत म्हणाले,

“व्हय. पर आवाज न्हवता आला.”